घोळणा, दडे आणि वाकडं तोंड

सर्दी महिनोन्‌महिने हटत नाही. नाक शिंकरलं की रुमालावर रक्ताचे ठिपके. घोळणा फुटला म्हणून घरचे डोक्यावर गार पाणी थापतात, कांदा फोडून हुंगायला देतात. मग कानाला दडे बसतात. कोणी कोमट तेल सोडतं, कोणी तव्यावर फडकं गरम करून शेकतं. आणि एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून आपोआप गळतं. आरशात बघावं तर तोंड वाकडं. ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणून घरात एकच धावपळ. तीन तक्रारी, तीन दवाखाने, औषधांच्या तीन पिशव्या. बहुतेकांच्या बाबतीत या तिन्हींची कारणं खरोखरच वेगळी आणि किरकोळ असतात. पण थोड्या माणसांमध्ये तिन्हींच्या मुळाशी एकच आजार असतो. तो नाका-कानापासून सुरुवात करतो आणि पुढे फुफ्फुसं नि मूत्रपिंडांपर्यंत पोचतो.

त्याचं नाव ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस. डॉक्टर मंडळी नुसतं ‘जीपीए’ म्हणतात, जुन्या पिढीतले अजून ‘वेगनर्स’ म्हणतात. हा ऑटोइम्यून व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. वाहिन्यांच्या भिंती सुजतात, रक्त पुढे सरकत नाही आणि त्या रक्तावर जगणारा भाग वाळतो, मरतो. आजार दुर्मीळ आहे. युरोपात वर्षाला दर दहा लाख माणसांमागे साधारण दहा नवे रुग्ण सापडतात. बाईला होतो तसा पुरुषालाही होतो, उतारवयाकडे झुकताना जास्त. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. नाका-कानातल्या त्याच्या करामती मात्र अशा आहेत की एकदा कळल्या की डोक्यातून जात नाहीत. त्या तशाच डोक्यात राहाव्यात, म्हणून हा खटाटोप.

आधी नाक

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं या आजाराच्या १५८ रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि १९९२ मध्ये त्याचा वृत्तान्त छापला. आजार सुरू झाला तेव्हा ७३ टक्के रुग्णांना कान-नाक-घशाची तक्रार होती. पुढे कधी ना कधी ती ९२ टक्क्यांना झाली. फुफ्फुसाचा फोटो काढायची वेळ येते त्याच्या आधीच नाकानं वर्दी दिलेली असते.

ही वर्दी म्हणजे खपल्या. साध्या सर्दीत नाक वाहतं. इथं ते आतून सुकतं, रक्ताळलेल्या जाड खपल्या धरतात, नाकपुडी बुजते, वास येईनासा होतो. खपली निघाली की खाली ओली जखम, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी खपली. अँटिबायोटिकचे कोर्स होतात, सायनसचे सीटी स्कॅन होतात, कोणाकोणाचं सायनसचं ऑपरेशनही होऊन जातं, पण नाक काही बरं होत नाही.

याच नाकात पुढे भोकही पडतं. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा कूर्चेचा असतो आणि त्या कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. दोन्ही अंगांच्या पातळ अस्तरातून जे झिरपेल त्यावर तिचं पोट चालतं. अस्तराच्या वाहिन्या बंद पडल्या की कूर्चा उपाशी मरते आणि पडद्याला आरपार छिद्र पडतं. छिद्र लहान असेल तर श्वास घेताना नाकातून शिट्टी वाजते. ते मोठं झालं की शिट्टी थांबते. माणसाला हायसं वाटतं आणि आत मात्र नुकसान वाढलेलं असतं.

आधारच गेला की नाकाचा मधला भाग खाली बसतो, शेंडा वर उचललेला राहतो. वैद्यकात याला खोगीर नाक म्हणतात. ना मार लागलेला, ना पडझड झालेली, कित्येकदा फारसं दुखलेलंही नसतं. रोज आरशात बघणाऱ्याला हा बदल कळत नाही. जुन्या फोटोशी ताडून पाहिलं की धक्का बसतो.

नाकातल्या बिघाडानं डोळाही गळतो. डोळ्यातलं पाणी एका बारीक नळीतून नाकात उतरत असतं. नाकाकडचं तिचं तोंड सुजून बंद झालं की अश्रूंना वाट उरत नाही आणि ते गालावरून ओघळत राहतात. रुग्ण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो आणि मूळ दुखणं नाकात बसलेलं असतं.

यातली एक गोष्ट आपल्याकडच्यांना ओळखीची वाटेल. खपल्या मऊ पडून निघाव्यात म्हणून या रुग्णांना जगभर मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगतात. जलनेती करणाऱ्यांना ही कृती शिकवावी लागणार नाही. एकच काळजी घ्यायची, पाणी उकळून गार केलेलं हवं. नळाचं पाणी सरळ नाकात घालणं धोक्याचं आहे, मग आजार असो वा नसो.

पुण्याजवळचं नवं नाक

नाक गेलेल्या माणसाला नवं नाक देण्याची जगप्रसिद्ध गोष्ट पुण्याजवळची आहे. ती या आजाराची नाही, पण तिच्यातलं मर्म आणि या आजाराचं मर्म एकच आहे.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र चित्रासह छापलं. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, वीट भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक बसवलं. मेणाचं नाक करून ते कपाळावर सपाट पसरलं, त्याच्या कडेनं रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली आणि खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. वरून काताचा लेप दिलेल्या कापडाच्या पट्ट्या. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी ती लंडनमध्ये करून दाखवली आणि तिथून ती युरोपभर पसरली.

मला या हकीकतीत सर्वांत मोलाची वाटते ती त्या कारागिराची एक खबरदारी. दोन भुवयांच्या मधली कातडीची पट्टी त्यानं कापली नाही. ती कपाळाला जोडलेलीच ठेवली आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, नाक नव्या जागी रुजल्यावर, तिला हात लावला. त्या पट्टीतून रक्त येत राहिलं म्हणून नाक जगलं. जिथं रक्त पोचतं तिथं मांस जगतं, हे त्या माणसाला पुस्तकावाचून ठाऊक होतं. जीपीए नेमका याच रक्तपुरवठ्यावर घाला घालतो. म्हणून आजही या रुग्णांचं खचलेलं नाक उभं करायचं तर सर्जन घाई करत नाहीत. आजार शांत झाला आहे, औषधांनी ताब्यात राहतो आहे, याची खात्री पटेपर्यंत थांबतात आणि मग बरगडीच्या कूर्चेचा किंवा हाडाचा तुकडा घेऊन कणा उभारतात. आजार जागा असताना बसवलेला तुकडाही विरघळून जाण्याची भीती असते.

मोठ्या माणसाच्या कानात पाणी

लहान मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठणं ही नेहमीची गोष्ट. पन्नाशीच्या माणसाच्या कानात ते साठलं आणि हटेना, तर अनुभवी डॉक्टर आधी नाकाच्या मागच्या बाजूला दुर्बीण घालून बघतात. तिथं गाठ नाही ना, हे पाहणं महत्त्वाचं असतं. जीपीएत तिथं सूज सापडते. नाकाच्या मागून कानाकडे जाणारी युस्टेशियन नळी त्या सुजेनं बंद होते, मधल्या कानात हवा जात नाही, पाणी साठतं आणि दडे बसतात. या आजारातली ही कानाची सर्वांत नेहमीची तक्रार.

मग कान फुटतो, वाहू लागतो. पडद्यात नळी बसवतात, तरी वाहतो. कानामागचं मॅस्टॉइडचं हाड कोरून काढतात, तरी वाहतो आणि जखम भरत नाही. नीट केलेल्या ऑपरेशननंतरही कान वाहतच असेल तर सर्जनच्या हाताला दोष देण्याआधी रक्ताची तपासणी करायला हवी.

याहून घाईची गोष्ट आतल्या कानाची. ऐकू येण्याचा चेतातंतू आणि आतला शंख यांवर आजार आला की ऐकणं काही दिवसांत, काही आठवड्यांत घसरतं. साधा बहिरेपणा वयानुसार वर्षानुवर्षं हळूहळू येतो. हा भराभरा येतो, बरोबर कधी चक्कर येते, कधी कानात आवाज येतात. बहिरेपणा एकदा आला की जात नाही, अशी आपली पक्की समजूत असते. इथं ती नेहमी खरी नसते. वेळेत औषधं सुरू झाली तर गेलेलं ऐकणं काही जणांना परत मिळतं. उशीर झाला तर आतला कान कायमचा जातो.

जपानी कानतज्ज्ञांनी या प्रकाराचा फार चिकाटीनं पाठपुरावा केला. त्यांनी देशभरातून असे २३५ रुग्ण गोळा केले, ज्यांचा हा किंवा याच कुळातला आजार मुख्यतः कानात होता. प्रतिजैविकांना आणि पडद्यातल्या नळ्यांना दाद न देणारं कानाचं दुखणं, अशी त्यांची ओळख. या गटात साधारण दर तिघांमागे एकाचं तोंड वाकडं झालेलं होतं. कान वाहतो आणि त्याच बाजूचा चेहरा पडतो, ही जोडी का जमते, ते कळायला चेहऱ्याच्या चेतातंतूचा रस्ता बघावा लागतो.

हाडाच्या बोगद्यातला चेतातंतू

चेहऱ्याचे स्नायू हलवणारा चेतातंतू, म्हणजे फेशियल नर्व्ह, मेंदूतून निघतो आणि चेहऱ्याकडे सरळ येत नाही. तो कानाच्या हाडात शिरतो, वळणं घेत मधल्या कानाच्या भिंतीतून जातो आणि कानामागून बाहेर पडतो. हाडातला हा बोगदा सुमारे ३ सेंटिमीटर लांब असतो. हाडातून इतकी लांब वाट चालणारे चेतातंतू शरीरात थोडेच. सर्वांत चिंचोळ्या जागी बोगद्याची रुंदी पाऊण मिलिमीटरहूनही कमी. गाब्रिएले फालोपिओ या सोळाव्या शतकातल्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव या बोगद्याला आहे. स्त्रियांच्या बीजवाहिन्यांना ज्याचं नाव मिळालं तोच हा.

आता अडचण लक्षात येईल. हातात घट्ट लोखंडी कडं आहे आणि हातच सुजला, तर जे होईल ते या चेतातंतूचं होतं. हाड सरकत नाही, सूज आतल्या आत दाबते. त्यात मधल्या कानातून जाताना बोगद्याची भिंत कागदासारखी पातळ असते, आणि पुष्कळ निरोगी माणसांमध्येही तिच्यात जन्मजात फट असते. मधल्या कानातला दाह त्या फटीतून थेट चेतातंतूला भिडतो. चेतातंतूला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या सुजल्या तर त्याची उपासमार होते, ते वेगळंच.

आणि या एका धाग्यावर किती कामं सोपवलेली आहेत! भुवया उचलणं, डोळा मिटणं, हसणं, शिट्टी मारणं, फुंकर घालणं ही त्याचीच कामं. डोळ्यातलं पाणी आणि तोंडातली लाळ यांचा एक भाग त्याच्याकडे. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव त्याच्याच एका फांदीतून जाते, आणि ही फांदी चक्क कानाच्या पडद्याच्या मागून, मधल्या कानाच्या पोकळीतून ओलांडते. म्हणून कान बिघडला की आमटी अळणी लागते! स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीवर रागावण्याआधी कानाकडे बघावं लागेल, अशी ही रचना.

अजून एक गंमत. या चेतातंतूची एक फांदी कानातल्या स्टेपेडियस नावाच्या स्नायूला जाते. जेमतेम ६ मिलिमीटरचा हा स्नायू शरीराच्या सांगाड्याशी जोडलेल्या स्नायूंमध्ये सर्वांत छोटा. मोठा आवाज आला की तो कानातलं हाड आवळून धरतो. तोच लुळा पडला की त्या कानाला साधे आवाज बोचू लागतात. स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण पडलं तरी माणूस दचकतो. एकाच बाजूला तोंड वाकडं आणि त्याच कानाला आवाज असह्य, ही तक्रार रुग्ण सहसा सांगत नाही, कारण त्याचा चेहऱ्याशी काही संबंध असेल असं त्याला वाटतच नाही.

चेतातंतू बरा होताना कधीकधी नव्या वाढीच्या तारा चुकीच्या ठिकाणी जोडल्या जातात. लाळेकडे जायची तार अश्रूंच्या ग्रंथीकडे गेली तर जेवताना डोळ्यातून पाणी येतं. डॉक्टर याला ‘क्रॉकडाइल टिअर्स’ म्हणतात, आपले नक्राश्रू. फेशियल नर्व्हला कुठल्याही कारणानं इजा झाली असली तरी हे होऊ शकतं.

तोंड वाकडं होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण मात्र जीपीए नाही. ते आहे बेल्स पाल्सी, स्कॉटिश सर्जन चार्ल्स बेल यांच्या नावाचं. गाडीत खिडकीशी बसल्यानं वारं लागलं, असं आपण ज्याला म्हणतो ते बहुतेक हेच, आणि त्यातली बहुसंख्य माणसं पूर्ण बरी होतात. अर्धांगानं तोंड वाकडं झालं असेल तर सहसा कपाळ वाचतं, दोन्ही भुवया उचलता येतात. फेशियल नर्व्ह स्वतःच दुखावली असेल तर त्या बाजूच्या कपाळावरच्या आठ्याही पुसल्या जातात. ही परीक्षा घरी करून निर्धास्त बसायचं नाही. तोंड अचानक वाकडं झालं की त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं. फरक डॉक्टरांना पाहू द्या.

मग बेल्स पाल्सीत जीपीए लपलाय अशी शंका कधी घ्यायची? त्याच बाजूचा कान आधीपासून वाहत असेल तेव्हा. नाकात खपल्या असतील तेव्हा. ताप, वजन घटणं, सांधे दुखणं सोबत असेल तेव्हा. आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजू पडल्या असतील तेव्हा तर नक्कीच, कारण दोन्ही बाजू एकदम पडणं फार विरळा, आणि त्यामागे बहुधा अंगभर पसरलेलं काही तरी असतं. डोकं सतत ठणकत असेल तर मेंदूवरचं जाड आवरण सुजलं आहे का, हेही एमआरआयमध्ये पाहतात. जपानी रुग्णांमध्ये हा प्रकार बराच आढळला.

इथं एक फसगत होते, आणि ती मला सर्वांत काळजीची वाटते. बेल्स पाल्सीवर स्टेरॉइडचा छोटा कोर्स देतात, आणि ते योग्यच आहे. पण स्टेरॉइडनं जीपीएसुद्धा काही दिवस दबतो. चेहरा सुधारतो, कानही सुकतो, सगळ्यांना आनंद होतो. गोळ्या संपल्या की सगळं परत. स्टेरॉइड घेतलं की बरं आणि सोडलं की पुन्हा तेच, असं दोनदा झालं तर तिसरा कोर्स घेण्याआधी कारण शोधा.

दिलासा असा की जीपीएमुळे पडलेला चेहरा मूळ आजारावर उपचार झाले की बहुधा सुधारतो. बोगदा फोडून चेतातंतू मोकळा करण्याची गरज सहसा पडत नाही. मिटत नसलेल्या डोळ्याला मात्र पहिल्या दिवसापासून जपायचं. दिवसा थेंब, रात्री मलम आणि वर पट्टी, नाहीतर बुबुळाला जखम होते.

हिरड्यांवर स्ट्रॉबेरी

दंतवैद्यानं हा आजार पकडावा, असंही होतं. हिरड्या लालभडक, फुगीर, खडबडीत दाण्यांच्या होतात आणि स्पर्श झाला की रक्त येतं. वैद्यकाच्या पुस्तकात याचं नावच ‘स्ट्रॉबेरी हिरड्या’ आहे. प्रकार दुर्मीळ, पण दिसला की दुसरं नाव फारसं सुचत नाही, इतकी ती खूण पक्की.

घशात, स्वरयंत्राच्या लगेच खाली, श्वासनळी आवळत जाते ते आणखी वेगळं. श्वास घेताना घर्र आवाज येतो आणि दम्याचा पंप दिला जातो. पंपानं काही होत नाही. डोळ्यामागे गाठ वाढून डोळा पुढे येऊ शकतो, डोळ्याचा पांढरा भाग लाल होऊन ठणकू शकतो.

तोतये

आपल्याकडे निदान अवघड होण्याचं एक कारण आजारात नाही, आपल्या भूमीत आहे. जीपीएनं फुफ्फुसात गाठी होतात, त्यांत पोकळ्या पडतात, खोकल्यातून रक्त येतं, ताप येतो, वजन उतरतं. भारतात असा एक्स-रे पाहिला की पहिला विचार टीबीचा येतो, आणि टीबी इतका पसरलेला असताना तो यायलाच हवा. पण थुंकीत जंतू सापडलेले नाहीत आणि टीबीच्या गोळ्यांनी फरकही पडत नाही, तर नाकाची चौकशी व्हायला हवी. खचलेलं नाक कुष्ठरोगातही दिसतं. आणि २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रानं म्युकरमायकोसिस पाहिला. त्यातही नाकात काळ्या खपल्या, सुजलेला गाल, डोळा. त्याची चाल मात्र दिवसांची असते, जीपीएची बहुधा आठवड्या-महिन्यांची.

सर्वांत चकवणारा तोतया कोकेन. ते ओढणाऱ्यांच्या नाकाचा पडदाही सडतो आणि कधी रक्ताची तपासणीसुद्धा जीपीएसारखीच येते. कानाच्या पाळीवरून ओळखू येणारा एक भाऊबंदही आहे. रिलॅप्सिंग पॉलिकाँड्रायटिस नावाच्या आजारात अख्खा कान लाल होऊन सुजतो, फक्त जिथं डूल घालतात ती खालची मऊ पाळी सुटते. हा आजार कूर्चेवर हल्ला करतो आणि पाळीत कूर्चा नसते!

हिरवा उजेड आणि अल्कोहोलचा खेळ

या आजाराची खूण रक्तात सापडते तिला ‘अँका’ म्हणतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या पोटातल्या प्रथिनांविरुद्ध शरीरानं बनवलेली ही प्रतिपिंडं. जीपीएत सहसा ती पीआर३ या प्रथिनाविरुद्ध असतात. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी अशी प्रतिपिंडं नोंदवली आणि १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं या आजाराशी नातं जाहीर झालं. तपासणीत ही प्रतिपिंडं जिथं चिकटतात तिथं सूक्ष्मदर्शकाखाली न्यूट्रोफिल पेशी हिरव्या चमकतात. केंद्रक सोडून पेशीचा बाकीचा भाग चमकला तर सी-अँका, केंद्रकाभोवती कडं चमकलं तर पी-अँका. मजा अशी की पी-अँकाचं हे कडं खऱ्या पेशीत नसतंच! काचेवर पेशी पक्क्या करायला अल्कोहोल वापरतात. त्यानं काही प्रथिनं जागा सोडून केंद्रकाकडे धावतात आणि तिथं जमून चमकतात. अल्कोहोलऐवजी फॉर्मॅलिन वापरलं की कडं गायब.

आजार फक्त नाका-कानात असेल तर ही तपासणी निगेटिव्हही येते. नाकातला तुकडा काढून तपासला तरी रक्तवाहिनीचा दाह, मृत भाग आणि ग्रॅन्युलोमा (दाहातल्या पेशींच्या बारीक गाठी) या तिन्ही खुणा एकत्र सापडणं दुर्मीळ. एका निगेटिव्ह कागदावर विश्वास ठेवून संशय सोडून द्यायचा नाही, ही इथली मोठी शिकवण.

नाव का बदललं

पीटर मॅकब्राइड या स्कॉटिश डॉक्टरनं १८९७ मध्ये भराभर नष्ट होत गेलेल्या नाका-चेहऱ्याची हकीकत छायाचित्रांसह छापली. १९३१ मध्ये जर्मनीत हाइन्झ क्लिंगर यांनी एका सत्तर वर्षांच्या डॉक्टरचा आजार लिहून ठेवला, त्यात खोगीर नाकही होतं आणि बिघडलेली मूत्रपिंडंही. फ्रीडरिश वेगनर यांनी १९३६ आणि १९३९ मध्ये तो स्वतंत्र आजार म्हणून मांडला आणि त्यांचंच नाव चिकटलं. १९८९ मध्ये अमेरिकेत त्यांचा मोठा गौरव झाला. पुढे संशोधकांनी कागद तपासले तेव्हा ते नाझी पक्षाचे सदस्य होते आणि युद्धकाळात व्यापलेल्या पोलंडमधल्या वुच शहरात काम करत होते, हे उघड झालं. २०११ मध्ये तीन मोठ्या वैद्यकीय संस्थांनी मिळून आजाराचं नाव बदललं. मला हा निर्णय योग्य वाटतो.

पाच महिन्यांपासून आजपर्यंत

१९५८ च्या एका आढाव्यात उपचाराविना या रुग्णांचं आयुष्य सरासरी पाच महिने निघालं. ८२ टक्के रुग्ण वर्षाच्या आत गेले. हे चित्र पालटवणाऱ्यांत एक नाव आपल्या ओळखीचं आहे, अँथनी फाउची. करोनाच्या काळात रोज टीव्हीवर दिसणारे तेच. १९८३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ८५ रुग्णांचा अनुभव छापला. स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइड या जोडीनं ९३ टक्के रुग्णांचा आजार पूर्ण शांत झाला होता. सायक्लोफॉस्फमाइड हे युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या रासायनिक कुळातून आलेलं औषध. मारण्यासाठी शोधलेल्या रसायनाच्या भाऊबंदानं इतकी माणसं वाचवावीत, ही मला वैद्यकातली फार समाधान देणारी घटना वाटते.

२०१० मध्ये रिटुक्सिमॅब हे औषध सायक्लोफॉस्फमाइडइतकंच गुणकारी ठरलं. नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मुक्काम करून असेल तर आजार पुन्हा उसळी घेण्याची शक्यता वाढते, हे नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये दाखवलं.

आता कामाचं. त्या १५८ रुग्णांपैकी आजाराच्या सुरुवातीला मूत्रपिंडं फक्त १८ टक्क्यांची बिघडलेली होती, नंतर मात्र ७७ टक्क्यांची बिघडली. हा बिघाड सुरुवातीला दुखत नाही, लघवीही डोळ्यांना स्वच्छ दिसते. तेव्हा नाकातल्या रक्ताळ खपल्या, मोठ्या वयात कानात साठलेलं पाणी आणि वाकडं तोंड यांतल्या दोन तक्रारी एकाच माणसाला असतील, तर त्या एकाच डॉक्टरला, एकाच बैठकीत, तारखांसकट सांगा. सगळ्या दवाखान्यांचे कागद एका पिशवीत घालून न्या. आणि लघवीची साधी तपासणी आणि रक्तातलं क्रिएटिनिन त्याच दिवशी करून घ्या. लघवीत रक्तपेशी किंवा प्रथिनं सापडली तर त्याच आठवड्यात ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचे डॉक्टर) किंवा मूत्रपिंडांच्या डॉक्टरांकडे जा, पुढच्या महिन्याची तारीख घेऊन घरी बसू नका.